दारापुढचं अस्वल

४ ऑगस्ट १९९१, रविवार

पुन्हा तिथंच! अस्वलानं दार वाजवायला हात वर केला आणि पडदा पांढराफटक.

मग नेहमीसारखं सगळ्या मैदानानं हात वर केले, बोटं जुळवली आणि खटकन लांब केली — तार तुटली! लूमखात्यात इतका खडखडाट असतो की कानात तोंड घालून ओरडलं तरी कळत नाही. म्हणून तिथं सगळे हातानं बोलतात; धागा तुटला की ही खूण. तीच सवय पडद्यासमोर. सुकदेव मामांच्या सिनेमाच्या मशीनचा आवाजाचा दिवा कधीचा गेलाय, सिनेमा मुकाच चालतो. सुरतेच्या या उधन्यात कुणाचं काही अडलं नाही.

सात मिनिटांचं कार्टून. लठ्ठ अस्वल पोस्टमन आहे, त्याच्या काखेत एक पार्सल. एक बदक त्याला दारापर्यंत पोचूच देत नाही. चिखलात पाडतं, गाडीचं चाक पळवतं, छत्री उलटी करतं. अस्वल पार्सल काही सोडत नाही. शेवटी दार येतं, आणि शेवटच नाही. अकरा वर्षं उधना हेच बघतंय. पार्सलात काय, यावरून माझा दोस्त धुडकू आहे त्या लूमखात्यात एकदा मारामारी झाली म्हणे.

मामांना विचारलं, शेवट कुठं गेला? म्हणाले, "जळाला. बारडोलीला. बल्बसमोर अडकला." मी म्हटलं, पण तुम्ही पाहिला असेल ना? तर बिडी पेटवायला लागले. पेटलेलीच होती.

मामा गणपतीनंतर गावी चाललेत, कायमचे. मशीन कामरेजचा एक मंडपवाला घेणार. आता सगळीकडे व्हीसीआर भाड्यानं मिळतो, रीळ कोण बघतं. म्हणजे विसर्जनाच्या आदल्या दिवशी शेवटचा खेळ. आणि शेवटच्या खेळातही तार तुटलेलीच!

हे मला आवडलेलं नाही. लिहून ठेवतो.

७ ऑगस्ट

ही वही रद्दीतून घेतली. पुढची चार पानं कुणाच्या तरी शिवणकामाच्या मापांची आहेत. छाती छत्तीस, बाही साडेआठ. सातवीत शाळा सोडली तेव्हापासून मी काही लिहिलं नव्हतं. आता लिहितो, कारण धुडकू म्हणतो, "राघो, तू सकाळी एक बोलस, सांजले दुसरं." वहीत असलं की मला स्वतःला तरी दाखवता येईल.

आजवर सोडलेली कामं — लूम (तीन महिने), हिऱ्याला पैलू पाडायची घंटी (सतरा दिवस), बर्फाचा कारखाना, मंडपाच्या खुर्च्या, हजीरा रोडला वेल्डरच्या हाताखाली (अर्धा दिवस!). आता ट्रेसिंग. पाच महिने झाले. हे सगळ्यात लांबलं.

ट्रेसिंग म्हणजे साडीचं डिझाईन फिल्मवर गिरवायचं. काचेचं टेबल, खालून ट्यूबलाईट, बारीक ब्रश आणि लाल दाट शाई. प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म. मग त्यावरून छापायच्या जाळ्या होतात. आमचे पांडुरंग मास्टर मूळचे वर्ध्याचे. त्यांचं एकच म्हणणं, "हजार बुट्ट्या, एक हात. पहिली तशी शेवटची. केसाचा फरक दिसला की फिल्म बादलीत." आणि खरंच बादलीत टाकतात. पहिल्या महिन्यात माझ्या एकोणीस गेल्या.

आता जात नाहीत. हे मात्र लिहिलं पाहिजे.

११ ऑगस्ट, रविवार

मामांकडे जाऊन रीळ नीट बघायचं ठरवलं होतं. वाटेत खताचा ट्रॅक्टर भेटला. ड्रायव्हर नंदुरबारकडचा निघाला. बोलता बोलता चढलो. उतरलो कामरेजला! तिथं एक माणूस पोपटाला गुजरातीत शिव्या शिकवत होता. पोपट शिकत नव्हता, बायको शिकली होती आणि ती त्यालाच देत होती. तासभर बघितलं. परत आलो तर मामा झोपलेले.

असा मी.

१२ ऑगस्ट

दुपारच्या सुट्टीत सुचलं, फिल्मवरच तर काढतो मी दिवसभर. रिळाची पट्टीही फिल्मच. मग शेवट मीच का काढू नये?

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की माझं होत नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी. मामांकडे गेलो, सरळ गेलो. त्यांच्याकडे कुटुंबनियोजनाचं एक जुनं रीळ पडलंय, ते मागितलं. "कसाले?" म्हणाले. मी सांगून टाकलं. मामा म्हणाले, "होत नाही ते. सोड." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? "माहीत आहे म्हणूनच सांगतो."

पण रीळ दिलं. अस्वलाच्या शेवटच्या तुकड्यातलं हातभर कापूनही दिलं, नमुन्याला. कापताना त्यांचा हात इतका हलका होता! करंगळी टेकवून, बाकी हात हवेत. मला म्हणाले, "ब्रश धरताना असं करंगळीचं टोक टेकव. मग रेघ सुटत नाही." मास्टरांनीही मला हे कधी दाखवलं नव्हतं. विचारलं तर मामा म्हणाले, सुरतेत आलो तेव्हा छापखात्यात होतो, जुनी गोष्ट आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

जाळ्या धुवायला खात्यात ब्लीच असतं. डबाभर आणलं. त्यात कुटुंबनियोजन बुडवलं. डॉक्टर, परिचारिका, लाल त्रिकोण, दोन मुलं — सगळं विरघळून डब्यात गेलं. पट्टी काचेसारखी स्वच्छ! कविता वहिनी, म्हणजे धुडकूची बायको, आमच्या सहा जणांची खानावळ तीच चालवते. तिच्या दोरीवर पट्टी वाळत घातली. ती बाहेर आली आणि म्हणाली, "हे काय रे, शेवया का सापाची कात?"

हिशोब केला. एका सेकंदाला चोवीस चौकटी. चौकट करंगळीच्या नखाएवढी. वीस सेकंदांचा शेवट धरला तर चारशे ऐंशी अस्वलं. मास्टर एका साडीत याहून जास्त बुट्ट्या काढायला लावतात. होणार!

२१ ऑगस्ट

गंमत सापडली. शेवटच्या तुकड्यातल्या शेजारच्या दोन चौकटी कापून काचेवर एकावर एक ठेवल्या, आपण दोन रंगांच्या फिल्म जुळवतो तशा. जुळत नाहीत! हाताचा पंजा केसभर वर. टोपी किंचित तिरकी. पोटाची रेघ तर सरळ सरळ सुटलेली. तिसरी ठेवली, तीही नाही जुळत.

एवढा मोठा विलायती चित्रकार आणि हात कापतो! मास्टरांकडे असता तर सगळं रीळ बादलीत गेलं असतं.

मी सुधारून काढणार. पहिलं अस्वल तसं शेवटचं.

२२ ऑगस्ट

चौदा अस्वलं.

२३ ऑगस्ट

एकतीस. एकावर एक ठेवून पाहिली. एक अस्वल दिसतं! केसाचा फरक नाही.

२७ ऑगस्ट

मास्टरांनी पकडलं. दुपारी सगळे जेवायला गेले होते, मी काचेवर वाकलेला. मागून आवाज, "हे कोणत्या पार्टीचं डिझाईन?" पट्टी उचलली, भिंग लावलं. मला वाटलं, झालं, सहावं काम गेलं. मास्टर बघत राहिले. एक चौकट, दुसरी, दहावी, विसावी. मग म्हणाले, "डावा कान चौदाव्यात जाड झालाय."

बस, एवढंच! शाईचं विचारलंच नाही. नंतर जाताना म्हणाले, "पाच ते सात बस. दिवा मी नाही मालवत. पण साडीच्या कामात चुकलास तर अस्वलासकट बादलीत." आता पाचला सगळे जातात आणि मी बसतो.

चौदावं अस्वल खरवडून पुन्हा काढलं.

१ सप्टेंबर, रविवार

शेवट काय करायचा हे ठरेना. सगळ्यांना विचारलं, सहज विचारतोय असं दाखवून.

धुडकू — "बॉम्ब. दार उघडलं का धडाम."

वहिनी — "लुगडं आहे त्यात. एवढं जपून माणूस दुसरं काय नेतो?"

मास्टर — "पत्ता चुकलेला असणार. पोस्टाचं काम आहे."

मामांना विचारलं नाही. त्यांना खरं माहीत आहे, आणि ते सांगणार नाहीत. परवा मी त्यांना पट्टी दाखवली. उजेडात धरून त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. "रेघ सुटली नाही कुठं," एवढंच म्हणाले. शाबासकी वाटली नाही. का ते कळलं नाही.

मी ठरवलं — दार उघडतं, आत बदक! घर बदकाचंच, पार्सलही बदकाचंच. तेच बिचाऱ्याला वाटेत अडवत होतं! हे सुचल्यावर मी एकटाच हसलो. वॉचमन येऊन बघून गेला.

मांडणी अशी — हात वर केलेलं अस्वल, दीडशे. अर्धं उघडलेलं दार, दीडशे. पूर्ण दार आणि बदक, एकशे ऐंशी. साडीत पदर, अंग, काठ असतात तसं.

५ सप्टेंबर

दोनशे ऐंशी झाली.

डोळे मिटले तरी अस्वल. धुडकू म्हणतो मी झोपेत करंगळी टेकवतो.

९ सप्टेंबर

चारशे ऐंशी. चारशे ऐंशी! आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी पुरं केलं. मास्टरांनी शेवटच्या वीस चौकटी भिंगाखाली घेतल्या आणि बादली पायानं लांब सारली. त्याचा अर्थ काय, हे खात्यात सगळ्यांना माहीत आहे.

मामांनी सांधा जोडला. अस्वलाच्या हातापाशी माझं अस्वल. "एकदा आधी चालवून बघायचं का?" विचारलं त्यांनी. मी म्हटलं, कशाला? सगळ्यांसमोरच होऊ दे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गणपती बसले. उद्या खेळ. धुडकूनं खात्यात सगळ्यांना हातानं सांगितलंय — तार जोडली. मी खात्याच्या दारात दिसलो तर तीनशे माणसांनी लांबूनच मला ओळखलं!

१३ सप्टेंबर

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

मैदान भरलेलं. पडदा म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं कापड, दोन पन्हे जोडून. अस्वल आलं, चिखल, चाक, छत्री. लोक नेहमीसारखे हसले. दार आलं. हात वर झाला. सगळे हात सवयीनं तार तोडायला वर गेले, आणि पडदा पांढरा झालाच नाही! मैदानातून एक "हाऽ" असा आवाज निघाला. तो आवाज मला आठवत राहणार.

आणि मग काहीच नाही.

अस्वल उभं. हात वर. उभंच. पोट हलेना, टोपी हलेना. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा सेकंद. सहा सेकंद किती मोठे असतात, हे मला माहीत नव्हतं.

"हालस नही रे त्ये!" कुणीतरी ओरडलं. दुसरा — "मरनं का काय?" मग एकदम अर्धं दार. कसं उघडलं ते नाहीच, एकदम! पुन्हा सगळं गार. मग एकदम बदक. तेही दगडाचं. वरून शाईचे टवके निघायला लागले आणि बदकाच्या तोंडावर काळे डाग पळायला लागले. हलत होते ते तेवढेच.

मैदान हसलं. अस्वल चिखलात पडतं तेव्हा हसतं तसं नाही. माझ्याकडे बघून हसलं. धुडकूसुद्धा हसला. तोंडावर हात धरून, पण हसला.

मामा हसले नाहीत. त्यांनी दिवा बंद केला, रीळ उलटं गुंडाळायला लावलं. माझ्याकडे बघितलंच नाही. एवढंच म्हणाले, "घरी जा. जेव."

मी त्यांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं! आधीच सांगायचं ना काय चुकतंय! तर म्हणाले, "काय चुकतं ते मलाही नाही माहीत. होत नाही एवढं माहीत आहे."

१४ सप्टेंबर, शनिवार

सकाळी पिशवी भरली. इच्छापोरला एक ठेकेदार माणसं घेतोय, पत्रे चढवायला. तिथं मला कुणी ओळखत नाही आणि तिथं अस्वल नाही.

जाताना वहिनीकडे चहा प्यायला थांबलो. पिशवी बघून तिला कळलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "चाललास? जा. तुझं काही नवीन नाही. पण राघो, त्या अस्वलाला तू केलंस काय रे? दगड झालं बिचारं. माणूस नुसता उभा राहिला तरी हलतो. श्वास घेतो, पाय बदलतो. तू तर काय, बसलास तरी हलतोस! आता बघ, कप धरलाय तर गुडघा हलतोय. तुझं कुणी चित्र काढलं तर तू त्याला एका जागी दोनदा सापडशील का?"

मी माझा गुडघा बघितला.

कप तिथंच ठेवला. धावत खात्यात गेलो. विलायती तुकडा काचेवर घेतला. दोन चौकटी एकावर एक. पंजा केसभर वर. तिसरी — आणखी केसभर. टोपी तिरकी, जास्त तिरकी, मग परत सरळ. पोट आत, बाहेर.

त्याचा हात कापत नव्हता!! तो मुद्दाम सोडत होता! प्रत्येक वेळी केसभर! न जुळणं हेच तर काम होतं, आणि मी गाढवानं सुधारलं. मास्टरांकडे जे बादलीत जातं ते तिथं जिवंत होतं.

टेबलावर इतक्या जोरात हात मारला की मास्टर आत आले. त्यांना दाखवलं. दोन्ही चौकटी, एकावर एक. मास्टर बसलेच. चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हणजे," म्हणाले, "याला हजार हात लागतात."

पिशवी अजून वहिनीकडेच आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

सहा दिवस. शेवटचा खेळ एकवीसला.

जुनी पट्टी ब्लीचमध्ये टाकली, माझी चारशे ऐंशी. गेली. वाईट वाटलं नाही, म्हणजे थोडं वाटलं. चौदावं अस्वल दोनदा काढलं होतं.

शाईचे टवके निघू नयेत म्हणून मास्टरांनी शाईत काहीतरी मिसळून दिलंय. काय ते सांगत नाहीत, वर्ध्याची विद्या म्हणतात. वाकवली तरी निघत नाही.

१६ सप्टेंबर

बहात्तर. हात ऐकत नाही. सारखं काढायची इतकी सवय झालीय की वेगळं काढायला गेलं की बोटं परत पहिल्या जागेवर जातात. प्रत्येक चौकटीला स्वतःला बजावतो — सुट, थोडं सुट. सुटण्याचीच मला सवय होती ना! या पाच महिन्यांत मोडली होती. आता दोन्ही लागतंय. केसभर सुटायचं, केसाहून जास्त नाही.

१७ सप्टेंबर

इच्छापोरच्या ठेकेदाराचा माणूस खात्याच्या फाटकाशी आला होता. जीप होती. जीपमध्ये पुढं बसायला मिळणार होतं. नाही म्हटलं. मी!

एकशे साठ.

१८ सप्टेंबर

शेठ आले होते. पट्टी दिसली. "आ शुं छे?" मास्टर तोंड वर न करता म्हणाले, "नवी बॉर्डर, शेठ. चालत्या प्राण्यांची." शेठना पटली. मास्टरांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. कान लाल झाले होते, शाईसारखे.

१९ सप्टेंबर

तीनशे वीस. धुडकू पाळी सुटल्यावर येऊन बसतो. माझ्यासमोर उभं राहून दार वाजवून दाखवतो, हळूहळू, म्हणजे मला कळावं हात कसा जातो. लूमवर हातानं बोलणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं. "खांदा आधी जास, मंग हात," म्हणतो. खरंच! आधी खांदा जातो. त्या दिवशी हसला होता, तोच. दमेपर्यंत दार वाजवत राहिला.

शेवट बदलतोय. नुसतं बदक दिसून भागत नाही. दार उघडल्यावर अस्वलानं काय करावं? एवढं चालून आलेला माणूस काय करेल?

बसेल.

२० सप्टेंबर

चारशे ऐंशी झाली. शेवटच्या चाळीस घाईच्या आहेत. बदकाची चोच मोठी लहान होते. होऊ दे.

या वेळी मामांना म्हटलं, आधी चालवून बघू. तर ते म्हणाले, "नको. उद्या मशीन तू चालव. मी पुढं बसतो." मामा आणि पुढं! अकरा वर्षांत मामांना मशीनमागं सोडून कुणी कुठं पाहिलेलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

आधी सगळं लिहितो, मग हातपाय धुतो.

मशीन मी चालवलं. मामा पोरांच्यात पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. मागून त्यांची टोपी दिसत होती. मास्टर पायजमा घालून आले होते, त्यांना आधी ओळखलंच नाही.

चिखल. चाक. छत्री. दार.

हात वर झाला. मैदानातले हात तार तोडायला वर गेले. लोक आधीच हसायच्या तयारीत होते, मला दिसत होतं. सांधा मशीनमधून खडखडत गेला —

आणि अस्वलाचा खांदा हलला.

खांदा, मग हात. टक, टक, टक. पोट आत, बाहेर. टोपी घसरली, त्यानं सावरली. वर गेलेले हात तसेच वर राहिले, पडद्याच्या कडेला सगळ्यांच्या बोटांच्या सावल्या. दार उघडलं, हळूहळू, केसभर केसभर. आत बदक! मैदान असं फुटलं की गणपतीच्या मंडपातली पोरं धावत आली.

अस्वल पार्सलाकडे बघतं. बदकाकडे बघतं. पार्सल खाली ठेवतं, आणि मटकन त्याच्यावरच बसतं! पार्सल चपटं. बदक पंख वर करतं, आता ओरडणार. ओरडत नाही. चपट्या पार्सलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर, अस्वलाला टेकून, तेही बसतं. झालं.

पडदा पांढरा.

धुडकूनं उभं राहून दोन्ही हात पुढं करून आडवे उचलले, जड कापड उचलतात तसे — ताका उतरला. लूमवर पूर्ण कापड विणून झालं की करतात ती खूण. मग एकेक करून सगळ्यांनी. सगळं मैदान मोकळ्या हातांनी कापड उचलत होतं! आणि पहिल्या रांगेत मामा. त्यांनी हात उचलले ते खाली घेतलेच नाहीत.

वहिनी ओरडली, "बघा, लुगडंच होतं! म्हणून दबलं, फुटलं नाही!"

मामा उठून मशीनपाशी आले. डोळे ओले होते, पुसलेही नाहीत. "पुन्हा लाव," म्हणाले. पाच वेळा लावलं. पाचव्यांदा मी विचारलं, मामा, खरा शेवट असाच होता का? म्हणाले, "आता हाच."

२२ सप्टेंबर

विसर्जन. नाचलो. कामरेजवाला टेम्पो घेऊन आला, मशीन नेलं. मामांनी त्याला तेल कुठं घालायचं ते दोनदा सांगितलं.

२३ सप्टेंबर

मामांना गाडीत बसवून आलो. अस्वलाचं रीळ गोल डब्यासकट मला दिलं. "मशीन नाही तर काय करू याचं?" मी म्हटलं. म्हणाले, "डबा नीट रिकामा करून पूस. गंजतो." गाडी हलल्यावर खिडकीतून हात काढला आणि करंगळी दाखवली.

पिशवी वहिनीकडून परत आणली. सामान खुंटीला लावलं.

२४ सप्टेंबर

डबा पुसायला घेतला. रिळाखाली कागदाची चकती, चकतीखाली १९७२ च्या गुजराती पेपरात गुंडाळलेली एक पट्टी.

काचेवर धरली. हात वर केलेलं अस्वल. छापखात्यातल्या निळ्या शाईत, ब्रशनं. पुढच्या चौकटीतही तेच. त्याच्या पुढच्याही. तीनशे बारा मोजली. रेघ कुठं सुटलेली नाही.

दोन चौकटी एकावर एक ठेवल्या. केसभरही फरक नाही.